शेजारणीच्या पोस्टखाली लिहिण्याआधी

पत्र

ताई, नमस्कार. मी मूळची चिंचवडची. नवरा गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात इंजिनिअर. त्याची बदली झाली म्हणून आम्ही थायलंडला आलो, चोनबुरी प्रांतात श्रीराचाला राहतो. मुलगा नऊ वर्षांचा आहे. शेजारच्या थाई बाईंशी माझं फार छान जमलं होतं. बाजार त्यांनीच दाखवला. मुलगा तापाने फणफणला तेव्हा रात्री दवाखान्यात सोबतीला त्याच आल्या. ऑगस्टच्या शेवटी इथल्या पंतप्रधान बाईंना न्यायालयाने पदावरून काढलं. त्या दिवशी शेजारणीने फेसबुकवर एक शब्दही न लिहिता नुसतं एक चित्र टाकलं. मी त्याखाली इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या, न्यायालयाबद्दल आणि राजघराण्याबद्दल. तासाभरात पोस्ट गायब. तेव्हापासून त्या दिसल्या की हसतात, हात जोडतात, पण घरी येत नाहीत. नवरा म्हणतो, आपण पाहुणे, तोंड मिटून राहावं. मी सोसायटीच्या पाण्यासाठी महापालिकेवर मोर्चा नेलेली बाई आहे. इथले लोक इतके भित्रे कसे? आणि मी इथली सगळी वर्षं मुक्यानेच काढायची का?

आणखी दोन गोष्टी. कंपनीतली एकटी राहणारी मराठी मुलं पोळीभाजीचा डबा मागतात. घरातून डबे द्यायला काही हरकत आहे? आणि घरकामाला म्यानमारची एक मुलगी आहे. एजंट म्हणतो, तिचा पासपोर्ट तुमच्याकडेच ठेवा, नाहीतर पळून जाईल. ठेवू का?

— एक वाचक, श्रीराचा

उत्तर

तुमच्या पत्रात त्या दोन ओळी जशाच्या तशा होत्या. मी त्या वर छापलेल्या नाहीत. तुमचा राग मला समजतो, पण हे सदर थायलंडमधल्या घरांतही वाचलं जातं, आणि जी वाचक ते आपल्या मैत्रिणीला पाठवेल तिच्या खात्यावर त्या ओळी जमा होतील. शेजारणीने तासाभरात पोस्ट का काढली, याचं उत्तरही हेच आहे.

कायदा काय आहे तो आधी नीट समजून घ्या. थायलंडच्या फौजदारी संहितेचं कलम ११२ राजा, राणी, युवराज आणि राजप्रतिनिधी यांची बदनामी, अपमान किंवा त्यांना धमकी याबद्दल आहे. एका गुन्ह्याला कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १५ वर्षं तुरुंग. तक्रार राजवाड्यानेच करायला हवी असं नाही, रस्त्यावरचा कोणीही माणूस पोलीस ठाण्यात जाऊन करू शकतो. प्रत्येक पोस्ट वेगळा गुन्हा धरली जाते आणि शिक्षांची बेरीज होते. जानेवारी २०२४ मध्ये चियांग रायच्या एका तरुणाला फेसबुकवरच्या पोस्टसाठी अपील न्यायालयाने एकूण ५० वर्षांची शिक्षा दिली. ऑनलाइन कपडे विकून पोट भरणारा माणूस होता तो. २०१६ मध्ये एका बाईंवर याच कलमाखाली खटला भरला गेला, कारण खासगी चॅटमध्ये आलेल्या मजकुराला त्यांनी 'हं' अशा अर्थाचा एकच छोटा शब्द लिहून उत्तर दिलं होतं. त्या निर्दोष सुटल्या, पण २०२० च्या अखेरीला. मधली चार वर्षं त्यांना कोणी परत दिली नाहीत.

तुमच्या प्रसंगाला सगळ्यात जवळचं उदाहरण मात्र प्रचाताय या वृत्तसंस्थळाच्या संचालक चिरनुच प्रेमचायपोर्न यांचं आहे. त्यांनी स्वतः काहीही लिहिलं नव्हतं. संस्थळाच्या चर्चापानावर वाचकांनी टिप्पण्या टाकल्या आणि त्यातली एक काढायला उशीर झाला, एवढ्यासाठी २०१२ मध्ये संगणक गुन्हे कायद्याखाली त्यांना आठ महिन्यांची शिक्षा झाली. ती स्थगित ठेवली गेली, म्हणून त्या तुरुंगात गेल्या नाहीत. दुसऱ्याने लिहिलेलं वाक्य आपल्या पानावर राहिलं तर त्याचा जाब आपल्याला द्यावा लागतो, हे थायलंडमधल्या जाणत्या माणसाला तेव्हापासून पक्कं ठाऊक आहे. तुमच्या शेजारणीलाही ते ठाऊक असणार. न्यायालयाच्या अवमानाची भीती आणि वेगळी.

त्यांनी चित्राखाली एकही शब्द लिहिला नव्हता, याकडे तुमचं लक्ष गेलं, पण त्याचं मोल तुमच्या लक्षात आलं नाही. जे म्हणायचं ते त्यांनी कुणाला पकडता येणार नाही अशा रीतीने म्हटलं होतं. किती बोलायचं, कुठे थांबायचं, याचा त्यांनी आयुष्यभर शिकून घेतलेला अंदाज होता. तुम्ही त्याखाली शब्द लिहिले आणि तो अंदाज मोडला. तुम्ही मनापासून लिहिलंत, पण धोका त्यांच्या दारात नेऊन ठेवलात. त्या सरकारी शाळेत किंवा तालुक्याच्या कचेरीत नोकरीला असतील तर हा धोका दुप्पट होतो.

परदेशी माणसालाही हे कलम लागतं. एप्रिल २०२५ मध्ये फित्सानुलोकच्या नरेसुआन विद्यापीठात शिकवणाऱ्या पॉल चेंबर्स या अमेरिकन अभ्यासकाला कलम ११२ खाली अटक झाली. सरकारी वकिलांनी पुढे खटला न चालवण्याचा निर्णय घेतला, पण तोवर व्हिसा रद्द झाला होता, आणि इतकी वर्षं तिथे राहिलेल्या माणसाला देश सोडून जावं लागलं. हे वाईटच आहे. तरीही बघा, परदेशी माणूस बहुतेक वेळा व्हिसा गमावतो आणि घरी जातो. थाई माणसाला जायला दुसरं घर नसतं. इथल्या सार्वजनिक गोष्टीबद्दल तोंड उघडण्याआधी मला एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो: याची किंमत कोण मोजणार? मी मोजणार असेन तर बोलायचं की नाही ते माझं मी ठरवीन. दुसरी कुणी मोजणार असेल, तर तो निर्णय तिचा आहे.

मैत्रीचं काय करायचं ते सांगते. एखाद्या संध्याकाळी एकट्या त्यांच्या दारी जा. नारळाच्या वड्या न्या, थाई घरात त्या आवडीने खाल्ल्या जातात. एवढंच म्हणा की तुमच्या पानावर मी जे लिहिलं त्याने तुम्हाला काळजी वाटली असेल, मला माफ करा, पुन्हा असं होणार नाही. आपला हेतू किती चांगला होता ते समजावत बसू नका. तुम्ही येत का नाही, असंही विचारू नका. नवऱ्याला सोबत नेऊ नका, त्यांनाही मग घरच्यांसमोर बोलणं भाग पडेल. आणि हे लाइन या इथल्या चॅट ॲपवर किंवा मेसेंजरवर मुळीच लिहू नका. माफी लिहायला गेलात तर ज्या गोष्टीची माफी मागताय ती पुन्हा लिहावी लागते, आणि या वेळी ती त्यांच्या फोनमध्ये राहते. त्या म्हणतील, काही नाही हो, विसरून जा. लगेच पूर्वीसारख्या येतीलच असं नाही. हसणं आणि हात जोडणं चालू आहे, म्हणजे त्यांनी दार लावून घेतलेलं नाही. थोडे आठवडे जाऊ द्या. मुलाच्या वाढदिवसाला बोलवा, काही बनवलं तर वाटीभर पाठवा. आपल्याकडे शेजार जसा धरतात तसा धरून ठेवा.

'इथले लोक इतके भित्रे कसे' हे तुमचं वाक्य मला टोचलं, आणि ते मी तसंच सोडणार नाही.

२४ जून १९३२ रोजी या देशात निरंकुश राजसत्ता संपली, आणि लोकांचं राज्य म्हणजे नक्की कोणाचं राज्य, हा वाद तेव्हापासून चालू आहे. ऑक्टोबर १९७३ मध्ये विद्यार्थ्यांनी बँकॉकचे रस्ते भरून टाकले आणि लष्करशहा थानोमला देश सोडावा लागला. तीनच वर्षांनी, ६ ऑक्टोबर १९७६ रोजी, थम्मासात विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थ्यांची कत्तल झाली. मे १९९२ मध्ये पुन्हा रस्त्यावर गोळ्या चालल्या. २०१० मध्ये लाल शर्टवाल्यांच्या, म्हणजे माजी पंतप्रधान थाक्सिन शिनावात्रांच्या बाजूच्या लोकांच्या, आंदोलनात नव्वदहून अधिक माणसं गेली. २००६ आणि २०१४ मध्ये लष्कराने सत्ता घेतली. २०२० मध्ये शाळकरी मुलामुलींनी लोकशाहीची खूण म्हणून तीन बोटं वर करून निदर्शनं केली, आणि त्यानंतरच्या वर्षांत अडीचशेहून अधिक लोकांवर कलम ११२ लागलं. मे २०२३ मध्ये मतदारांपैकी सुमारे पंचाहत्तर टक्के मतदानाला आले. सगळ्यात जास्त, म्हणजे ५०० पैकी १५१ जागा त्यांनी ज्या पक्षाला दिल्या, तो सत्तेवर येऊ शकला नाही. ७ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायालयाने तो पक्षच विसर्जित केला आणि त्याच महिन्यात स्रेत्था थाविसिन यांचं पंतप्रधानपद काढून घेतलं. वर्षभराने, २९ ऑगस्ट २०२५ रोजी, पैतोंगतार्न शिनावात्रा यांची पाळी आली. शेजारणीने ते चित्र टाकलं तो हा दिवस.

तुमची शेजारीण पन्नाशीची असेल तर यातलं बरंचसं तिने डोळ्यांनी पाहिलं आहे. कदाचित घरातलं कुणी त्यात होतं. कदाचित घरातच दोन तट आहेत, एक भाऊ पिवळ्या, म्हणजे राजनिष्ठ बाजूचा आणि एक लाल, आणि सणाच्या जेवणात कुणी हा विषय काढत नाही. अशा माणसांच्या गप्प राहण्याला भित्रेपणा म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांनी किती सोसलं आहे ते आपण मोजलेलं नाही.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. 'आपण पाहुणे' हे मला अर्धंच पटतं. ते इथे कर भरतात, पगारातून सामाजिक सुरक्षेची वर्गणी कापली जाते, मुलगा इथल्या हवेत श्वास घेतो. पाहुणा एवढं करत नाही. आपली जागा भाडेकरूसारखी आहे: जिना घाण असेल तर बोलायचा हक्क आहे, मालकाच्या घरातल्या वाटणीच्या भांडणात पडायचा नाही. आणि करार कधीही संपू शकतो हेही खरं. तुमचं इथलं राहणं त्यांच्या नोकरीला बांधलेलं आहे. नोकरी गेली की तिघांचाही मुक्काम संपतो. म्हणून ते घाबरून बोलतात त्यात काळजी आहे, ती उडवून लावू नका.

पण मुक्याने राहण्याचंही काही कारण नाही. तुमच्या घरापासून थोड्याच अंतरावर, रायोंग प्रांतात, माप ता फुट नावाची औद्योगिक वसाहत आहे. पेट्रोरसायनांचे कारखाने, आणि शेजारी गावं. हवेने आणि पाण्याने आजारी पडलेल्या गावकऱ्यांनी कोर्टात धाव घेतली आणि २९ सप्टेंबर २००९ रोजी मध्यवर्ती प्रशासकीय न्यायालयाने तिथले ७६ प्रकल्प थांबवले. त्याच वर्षी वरच्या न्यायालयाने त्यातले थोडे मोकळे केले, ६५ अडकून राहिले. २०१० मध्ये त्यातलेही बहुतेक सुटले, पण तोवर उद्योगाला थांबावं लागलं होतं. साध्या गावकऱ्यांनी एवढ्या मोठ्या उद्योगाला थांबवलं. तुम्ही चिंचवडच्या, कारखान्याच्या शेजारी राहणं म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. इथे कुणी लढत नाही असं वाटत असेल तर माप ता फुटबद्दल वाचा. उत्तरेत चियांग मायच्या लोकांनी धुरासाठी हेच केलं. दर वर्षी फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं जळतात, डोंगर दिसेनासे होतात. २०२३ मध्ये रहिवाशांनी सरकारवर दावा लावला आणि जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या प्रशासकीय न्यायालयाने नव्वद दिवसांत तातडीची योजना करा असा आदेश दिला.

हवा, पाणी, फुटपाथ, शाळा, कचरा या गोष्टींवर इथे मोकळेपणाने बोलता येतं, आणि परदेशी माणूस बोलला तर कुणाला वावगं वाटत नाही. ट्रॅफी फाँडू नावाची तक्रारीची सोय आहे. इथल्या सरकारी संशोधन संस्थेने ती बनवली, लाइनवरून चालते. फुटलेली फरशी, बंद दिवा, तुंबलेलं गटार, काय असेल त्याचा फोटो आणि जागा टाकायची, तक्रार त्या त्या विभागाकडे जाते, आणि काम झालं की तेही दिसतं. चाटचार्त सित्तीफान २०२२ मध्ये बँकॉकचे राज्यपाल म्हणून निवडून आले आणि त्यांनी ती शहरभर वापरात आणली. बँकॉकबाहेरच्याही अनेक स्थानिक संस्था ती वापरतात. मोर्चाची सवय असलेल्या बाईला हे मिळमिळीत वाटेल. करून बघा. मुलाच्या शाळेत विचारा की हवेतल्या बारीक धुळीचा (पीएम २.५) आकडा किती झाला की मैदानावरचा खेळ बंद ठेवता. २०२३ पासून इथली सरकारी मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ३७.५ मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. डिसेंबर ते मार्च श्रीराचातही हवा खराब होते. हा प्रश्न सगळ्या पालकांचा आहे. तुम्ही विचारलात तर थाई आयाही मागे उभ्या राहतील, आणि त्यात कुणाच्या जिवाला घोर नाही.

इथेही एक सावधगिरी हवी. एखादं हॉटेल, दुकान, दवाखाना यांच्यावर राग आला तर नाव घेऊन नेटवर लिहू नका. बदनामी हा इथे फौजदारी गुन्हा आहे, प्रसिद्ध केलेल्या मजकुराला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०२० मध्ये कोह चांग बेटावरच्या एका रिसॉर्टबद्दल वाईट अभिप्राय लिहिणाऱ्या अमेरिकन माणसाला अटक झाली होती. दोन रात्री कोठडीत काढल्यावर माफीनाम्यावर प्रकरण मिटलं. पैसे परत मागायचे तर समोर जाऊन, शांतपणे, पावती घेऊन मागा. इथे आवाज चढवणाऱ्याचं काम बहुधा होत नाही.

कंबोडियाच्या सीमेबद्दलही एक शब्द. जुलै २०२५ मध्ये पाच दिवस तोफा चालल्या, सीमेवरची गावं रिकामी झाली. तुमच्या गल्लीतल्या कुणाचा मुलगा तिथे असू शकतो. एप्रिलमध्ये एकवीस वर्षांच्या मुलांची सैन्यभरतीची सोडत निघते, लाल चिठ्ठी आली की जावं लागतं, आणि त्या दिवशी शाळेच्या आवारात रडणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. त्या भांडणात कोण बरोबर, यावर भारतातून आलेले फॉरवर्ड पुढे ढकलू नका. कुणी दुःखात असेल तर जेवणाचा डबा घेऊन जा.

डब्यावरून तुमचा दुसरा प्रश्न. उत्तर नाही असं आहे, आणि मला ते सांगताना वाईट वाटतं, कारण त्या मुलांची पोटं मला दिसतात. नवऱ्याच्या नोकरीवर आधारलेल्या व्हिसावर तुम्हाला पैसे घेऊन काम करता येत नाही. मालक असो वा नसो, स्वतःच्या ओट्यावर करा नाहीतर दुकानात, वर्क परमिटशिवाय केलेलं काम बेकायदाच. पकडलं तर ५,००० ते ५०,००० बाथ दंड, देशाबाहेर रवानगी आणि पुढची दोन वर्षं परमिट नाही. 'सगळे करतात' असं तुम्हाला कुणी तरी सांगेल. करतात, आणि शेजारच्या खानावळवाल्याने तक्रार केली की पकडलेही जातात.

दुसरी वाट सुचवणारेही भेटतील: थाई माणसाच्या नावावर कंपनी काढा, पैसा आणि कारभार तुमचा. ही नावापुरती मालकी १९९९ च्या परदेशी व्यवसाय कायद्याखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, आणि नाव देणारी थाई व्यक्तीही त्यात अडकते. मार्च २०२५ च्या भूकंपात बँकॉकमध्ये सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाची बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली. त्या चौकशीत अशाच नावापुरत्या भागीदारांचा प्रश्न पुढे आला, आणि तेव्हापासून अशा कंपन्यांकडे बारीक नजर आहे. इथेही पुन्हा तोच प्रश्न: किंमत कोण मोजणार?

सरळ मार्ग महाग आहे. साधारण कंपनीत एका परदेशी माणसाच्या परमिटमागे २० लाख बाथ भांडवल आणि चार थाई कर्मचारी दाखवावे लागतात. घरगुती डब्याच्या धंद्यात ते बसत नाही. एखादं परवानाधारक भारतीय उपाहारगृह तुम्हाला नोकरीवर घेऊन परमिट काढत असेल तर मात्र जरूर विचार करा. व्हिसाचा प्रकार बदलावा लागेल, तो बदलून परमिट हातात येईपर्यंत स्वयंपाकघरात पाऊल टाकू नका. तोवर रविवारी मुलांना घरी जेवायला बोलवा. पैसे घेऊ नका, 'सामानापुरते' म्हणूनही नाही, आणि ग्रुपवर ताटाचा दर लिहू नका. मुलांना भाजी चिरायला लावा, पोळ्या शिकवा. महिन्याभरात त्यांची त्यांना करता येतील.

आता ती म्यानमारची मुलगी. तिसरा प्रश्न तुम्ही शेवटी दोन ओळींत उरकला आहे. माझ्या मते पत्रातला सगळ्यात मोठा सार्वजनिक प्रश्न तोच आहे.

पासपोर्ट ठेवू नका. आजच्या आज तिच्या हातात द्या. मजुराची ओळखपत्रं मालकाने अडकवून ठेवणं हा इथे गुन्हा आहे, एजंट काहीही म्हणो. 'पळून जाईल' हे त्याचं वाक्यच नीट ऐका. पळून जावंसं वाटण्यासारखं घर आपण का चालवावं? तिच्या देशात फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, २०२४ मध्ये तरुणांना सक्तीने सैन्यात घेण्याचा कायदा लागू केला. तिला परत जायचं म्हटलं तर काय वाट्याला येईल ते सांगता येत नाही. रस्त्यात पोलिसांनी थांबवलं आणि कागद जवळ नसले, तर पहिला घाव तिच्यावर पडतो. श्रीराचातली मासळी, बांधकामं, कारखान्यांची साफसफाई आणि आपली स्वयंपाकघरं अशाच हातांवर चालतात.

घरकामगारांसाठी इथे नियम आहेत, बऱ्याच घरांना ते ठाऊक नसतात. २०१२ पासून आठवड्याला एक सुट्टी, सणांच्या सुट्ट्या आणि आजारपणाची भरपगारी रजा द्यावी लागते. ३० एप्रिल २०२४ पासून दिवसाला आठ तासांची मर्यादा आणि बाळंतपणाची रजाही आली. चोनबुरीत २०२५ च्या जानेवारीपासून किमान रोजंदारी ४०० बाथ आहे. पगार ठरवताना हा आकडा समोर ठेवा, आणि तुमच्या ओळखीच्या घरांत काय 'चालू रेट' आहे ते विचारू नका. तिचा आठवड्याचा दिवस तिच्याशी बोलून ठरवा, आणि त्या दिवशी पाहुणे आले म्हणून तो बदलू नका. भाषेची अडचण असेल तर फोनवरचा भाषांतराचा ॲप पुरतो.

ज्या बाईला अन्याय बघून गप्प बसवत नाही, तिने इथून सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं. या कामाची किंमत तुम्ही मोजणार आहात, पैशात, वेळात आणि थोड्या गैरसोयीत. शेजारपाजारच्या भारतीय घरांतल्या बायकांशीही बोला. तिथे किती पासपोर्ट कपाटांत कुलूपबंद आहेत ते विचारा. वाईटपणा येईल, तो घ्या.

या आठवड्यात करायचं ते असं. तिच्या वर्क परमिटवर मालक म्हणून कुणाचं नाव आहे ते तिला सोबत बसवून बघा. पुष्कळदा ते एजंटचं किंवा तुम्ही कधी पाहिलेल्याही नसलेल्या माणसाचं निघतं, आणि तसं असेल तर ती तुमच्या घरी काम करते हेच कागदोपत्री बेकायदा ठरतं, तिच्यासाठी आणि तुमच्यासाठीही. चोनबुरी प्रांताच्या रोजगार कार्यालयात जा, एजंटला न घेता, तिला घेऊन. थाई बोलणारं कुणी लागेल. यजमानांच्या कंपनीत मनुष्यबळ विभागात व्हिसाची कामं बघणारी व्यक्ती असते, तिला विचारा. शेजारणीला या कामासाठी इतक्यात हाक मारू नका. मालक म्हणून स्वतःचं नाव लावून घ्यायला काय लागतं ते तिथूनच लिहून घ्या, फी तुम्ही भरा, पगारातून कापू नका. परमिटची मुदत कधी संपते ती तारीख इमिग्रेशनकडे दर नव्वद दिवसांनी द्याव्या लागणाऱ्या स्वतःच्या हजेरीच्या तारखेशेजारी लिहून ठेवा. सगळ्या कागदांच्या प्रती तुमच्याकडे ठेवल्यात तर चालेल, मूळ कागद तिच्याकडे.